मंडई कुणाच्या तोंडासाठी?

मंडईत मुळ्याची जुडी घेतली की भाजीवाल्या मावशी जुडी हातातच धरून विचारतात, "पाला काढू का?" गिऱ्हाईक मान डोलवतं. मनगटाला एक पीळ, करकर आवाज, मुळे पिशवीत आणि पाला खाली. फ्लॉवरचे गड्डे तर येतानाच अर्धे सोललेले असतात. उरलीसुरली हिरवी पानं विळ्याने उडवून गड्डा पांढराशुभ्र करून मांडतात, कारण पांढरा दिसला की खपतो. गाजर, नवलकोल, बीट, सगळ्यांची हीच गत. दुपार कलली की या पाल्याचा ढीग साचतो. त्यातला थोडा कुणी शेळ्यांसाठी उचलून नेतं, बाकीचा कचऱ्याच्या गाडीत जातो. फळांच्या बाजूला मात्र थाट निराळा. सफरचंदाला स्टिकर, द्राक्षाला कागदाचा बिछाना, केळ्याच्या फण्या रंगानुसार टांगलेल्या.

या फळांतली काही हल्ली एका नव्या पाहुण्याच्या वाटीत जातात. पुण्या-मुंबईत तो 'उडती खार' म्हणून विकला जातो. मूठभर अंग, टपोरे काळे डोळे, पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत ताणलेली कातडीची झालर. दिवसा खिशात झोपतो, रात्री पडद्यावरून कपाटावर झेपावतो. काही महिन्यांनी त्याच्या शेपटीचे केस विरळ होतात, पाठीवर टक्कल पडू लागतं, आणि घरातली माणसं हवालदिल होऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे धावतात. 'रोज ताजं फळ देतो हो, आमच्या आधी त्याला.' हे वाक्य खरं असतं, आणि घोटाळा बऱ्याचदा त्यातच असतो. माझं म्हणणं असं की अशा प्राण्याच्या आजाराचं कारण हयगयीत शोधायला जाऊ नये. ते लाडात सापडतं, आणि लाडाचा सगळा माल मंडईतून पारखून आणलेला असतो. पुणेकराला आपल्या पारखीचा अभिमान आहे. गोड, मऊ, बिनबियांचं, कीड नसलेलं तो बरोबर निवडतो. या पाहुण्याला बाधते ती हीच पारख.

आधी हा पाहुणा कोण ते सांगायला हवं, कारण त्याच्या नावातच पहिली गफलत आहे. दुकानात मिळणारा हा प्राणी बहुतेक वेळा खार नसतोच. तो शुगर ग्लायडर, ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा. कांगारूसारखा पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा, आणि खारीशी नातं विचाराल तर नसल्यात जमा. अमेरिकेत खऱ्या उडत्या खारी पाळायची जुनी हौस आहे. तिथली दक्षिणी उडती खार मुठीत मावेल एवढी असते आणि काही राज्यांत ती पाळायला परवानगीही आहे. आपल्याकडची खरी उडती खार मोठी, मांजराएवढी, सह्याद्रीच्या आणि विदर्भाच्या जंगलांत रात्री फिरणारी. ती आणि भीमाशंकरचं शेकरू ही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. शेकरू तर राज्यप्राणी. म्हणजे घरात येतो तो परदेशी, आणि त्याला वागवलं जातं देशी खारीसारखं. वाड्याच्या कौलांवरून उतरून दाणे पळवणारी पट्ट्यांची खार आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलेली, तेव्हा खार म्हणजे शेंगदाणे आणि फळं हे समीकरण डोक्यात पक्कं. ते या पाहुण्यालाही लागू होतं, कुणी न विचारता.

शुगर ग्लायडर रानात काय खातो हे पाहिलं की वाटी आणि रान यांतली दरी कळते. बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक, निलगिरीच्या खोडाला दात लावून काढलेला रस, फुलांतला मध आणि पराग, आणि ऋतूनुसार भरपूर किडे. डिंक पचवायला त्याच्या पोटात लांबलचक अंधनाल असते, तिथे जंतू त्या डिंकाला आंबवतात. फळ हा त्याच्या जेवणातला किरकोळ भाग. आपल्याकडे थंडी पडली की खारीक-खोबऱ्याबरोबर लाडवांसाठी डिंक विकायला येतो. या प्राण्याच्या रानातल्या खाण्याला जवळचा म्हणावा असा बाजारातला जिन्नस तोच, आणि नेमका तोच त्याला घालावा असं कुणाच्या मनात येत नाही. त्याच्या वाट्याला येतात सफरचंदाच्या फोडी.

आपल्या मोठ्या उडत्या खारीचा आहार दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात अभ्यासला गेला आहे. अनमलईच्या तुटक राहिलेल्या जंगलात आर. नंदिनी आणि एन. पार्थसारथी यांनी तिच्या मागे रात्री घालवल्या. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तिच्या खाण्यात पहिला मान उंबराचा, आणि त्याबरोबर पानं, साली, कळ्या. उंबर फोडू नये असं आपल्याकडे म्हणतात, आत किडे दिसतात म्हणून. खारीच्या लेखी ते किडे जेवणाचाच भाग आहेत. उंबर, वड, पिंपळ या कुळाच्या फळांची आणखी एक गंमत आहे. १९९८ साली 'नेचर'मध्ये टिमोथी ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी जगातल्या वेगवेगळ्या उष्ण जंगलांतली फळं तपासून दाखवलं की या कुळाच्या फळांत इतर फळांच्या तिपटीहून अधिक कॅल्शियम असतं. रानातले प्राणी उंबराखाली गर्दी का करतात याचं एक उत्तर त्यात मिळतं. मंडईत उंबर विकत मिळत नाही. मिळतो त्याचा भाऊबंद, पुरंदरचा अंजीर, आणि फळांच्या ओळीत कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असणारा हा विरळा गडी आहे: शंभर ग्रॅममध्ये ३५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, फॉस्फरस १४.

हे प्रमाण का महत्त्वाचं? हाडांना दोन्ही लागतात, पण कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं, शक्यतो दुप्पट असावं लागतं. तसं नसलं तर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून ओढून घेतं. आता वाटीतल्या जिनसा पाहा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात कॅल्शियम नव्वदच्या आसपास, फॉस्फरस पावणेचारशे. सूर्यफुलाच्या बीत ऐंशीला साडेसहाशे. मक्याच्या कोवळ्या दाण्यांत दोनाला नव्वद. केळ्यात पाचाला बावीस. आणि जे मावशी पिरगाळून खाली टाकतात त्यात? मेथी, शेवगा यांच्या पाल्यात शंभर ग्रॅमला तीनशे ते चारशे मिलिग्रॅम कॅल्शियम भरतं. मुळ्याचा आणि फ्लॉवरचा पालाही त्याच पंगतीतला. पालक दिसायला त्यांच्यातला, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. थोडक्यात, हाडं धरणारा माल ओट्याखाली आणि हाडं पोखरणारा पिशवीत. शुगर ग्लायडरचे मागचे पाय अचानक लुळे पडणं हा पाळीव ग्लायडरांच्या डॉक्टरांना चांगलाच परिचित प्रकार आहे, आणि नुसत्या फळांवर ठेवलेल्या प्राण्यात तो हमखास दिसतो.

फळांबद्दल एवढं बोलल्यावर लोक विचारतात, फळ तर निसर्गाचंच ना? मंडईतल्या फळाचा निसर्गाशी संबंध आहे, पण दूरचा. रानकेळ फोडलं तर काळ्या टणक बिया दाताखाली येतात आणि गर नावापुरता. माणसाने शेकडो पिढ्या निवड करून बिया घालवल्या, गर वाढवला, साखर वाढवली. नाशिकचं बिनबियांचं द्राक्ष ही शेतीतली मोठी कर्तबगारी आहे, पण बी गेलं म्हणजे त्यातली प्रथिनं आणि तेलही गेलं, राहिलं साखरपाणी. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने २०१४ साली माकडांची केळी बंद केली तेव्हा वर्तमानपत्रांना थट्टेचा विषय मिळाला. तिथल्या तज्ज्ञांचं म्हणणं साधं होतं: माणसासाठी वाढवलेल्या केळ्यात साखर फार आणि प्रथिनं, तंतू कमी, माकडांना ते केक देण्यासारखं आहे. २०१८ मध्ये मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयानेही फळांत हात आखडता घेतला. फळं इतकी गोड झाली होती की रेड पांडांचं वजन वाढत होतं आणि दात किडत होते. त्यांनी फळांऐवजी पालेभाज्यांकडे मोर्चा वळवला. माकड आणि केळं ही जोडी पुस्तकातल्या चित्रांनी आपल्या डोक्यात इतकी ठसवलेली की ती मोडायला प्राणिसंग्रहालयालाच पुढे यावं लागलं.

बाजार माणसाच्या जिभेसाठी असतो, त्यात वावगं काही नाही. पण बाजार कुणासाठी, हा प्रश्न जुना आहे. पुण्यातल्या महात्मा फुले मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ साली उभी राहिली ती रे मार्केट म्हणून, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि या बांधकामावर पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तोच पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लागावा असं त्यांचं मत. पुढे मंडईला त्यांचंच नाव मिळालं, हा इतिहासाचा खट्याळपणा. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही आज महात्मा जोतिबा फुल्यांचंच नाव आहे, आणि तिथे फळांच्या पलीकडे पिंजऱ्यांची ओळ लागते. पुण्याच्या मंडईचं बांधकाम कुणासाठी, खर्च कुणाच्या जिवावर, हा फुल्यांचा प्रश्न होता. पिंजऱ्यासमोर उभं राहून तो पुन्हा विचारावासा वाटतो. योगायोग असा की त्याच १८८६ मध्ये परळला बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. जनावरांचं वैद्यक तेव्हा घोडा-बैलाभोवती फिरणारं होतं, आणि अजूनही आपल्या बहुतेक जनावरांच्या डॉक्टरांचा हात गाय, म्हैस, कुत्रा यांवर बसलेला असतो. ग्लायडरच्या तोंडात दात किती आणि पोटात काय, हे सांगणारा डॉक्टर शहरात शोधावा लागतो. दोष त्यांचा नाही. बाजारात प्राणी आधी येतो, त्याचा डॉक्टर मागाहून.

आता केसांकडे. केस का गळतात याचं शास्त्र उंदीर-खारींच्या जातीच्या प्राण्यांकडूनच माणसाने शिकून घेतलं आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९२७ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस यांनी पांढऱ्या उंदरांना प्रथिन म्हणून फक्त वाळवलेला कच्च्या अंड्याचा पांढरा बलक दिला. उंदरांची कातडी खवल्याखवल्यांची झाली, केस झडले. अशा उंदरांच्या डोळ्यांभोवती चष्मा लावल्यासारखं टक्कल पडतं. यकृत आणि यीस्ट दिल्यावर ते बरे झाले. त्यातून पुढे बायोटिन सापडलं: कच्च्या पांढऱ्या बलकातलं एक प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही, शिजवलं की ती पकड सुटते. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांच्या अन्नातून तेल-तूप पूर्ण काढून टाकलं. शेपटीवर खवले, कातडी कोरडी, केस विरळ, वाढ थांबली. काही थेंब योग्य तेलाने सगळं मागे फिरलं. शरीराला आवश्यक स्निग्धाम्लांची कल्पना तिथून आली. आपल्या दवाखान्यांतली आहाराची पत्रकं अशा टक्कल पडलेल्या उंदरांच्या जोरावर लिहिली गेली आहेत, आणि शंभर वर्षांनी आपण त्यांच्याच जातकुळीच्या, किंवा त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, पाहुण्याला सफरचंदावर ठेवून केस का गळले म्हणून विचारतो.

शरीराचा हिशेब असा असतो. केस प्रथिनाचे, त्यातही गंधकयुक्त अमिनो आम्लांचे. महिनाअखेरीला घर जसं दूध-भाडं आधी देतं आणि पडदे बदलणं पुढे ढकलतं, तसं शरीर हृदयाला, मेंदूला आधी पुरवतं आणि केसांचा खर्च लांबवतं. म्हणून विरळ झालेला केस ही आतल्या टंचाईची उशिरा पोचलेली बातमी असते. जस्त कमी पडलं तरी केस जातात, स्निग्धांश कमी पडला तरी जातात. पोटभर फळ खाल्लेल्या प्राण्यात या तिन्ही टंचाया एकदम असू शकतात, कारण साखरेने पोट भरलं की किडे, अंडं, पाला यांना तो तोंड लावत नाही.

मात्र प्रत्येक टक्कल आहाराचं नसतं. खाज आणि चट्टे असतील तर गोचीड किंवा माईट्स. गोल, कडेला कोंडा धरणारा चट्टा बुरशीचा असू शकतो, आणि ती बुरशी घरातल्या मुलांना लागते. तेव्हा कातडीचा खरवडा तपासल्याशिवाय औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. वयात आलेल्या नर ग्लायडरच्या डोक्यावर हिऱ्याच्या आकाराचं टक्कल असतं. तिथे गंधग्रंथी असते आणि तो आजार नसतोच. घाबरून धावत आलेल्या मालकाला हे सांगायला डॉक्टरला काय वाटत असेल, देव जाणे. आणि मग एक तिसरा प्रकार आहे, ज्याचा वाटीशी थेट संबंध नाही. ग्लायडर रानात कुटुंबकबिल्याने राहतो. त्याला एकटा ठेवला की तो स्वतःच्या शेपटीचे केस चावतो, कधी कातडीही. अमेरिकेतली दक्षिणी उडती खारही हिवाळ्यात एकाच ढोलीत अनेकजणी मिळून राहणारी. एकटेपणाच्या टकलाला खुराक बदलून उपाय नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. म्हणतात, मग कॅल्शियमची पावडर घाला, किडे आणा, जोडी ठेवा, झालं. शास्त्र आहे तर उपाय आहेच. अंशतः ते खरं आहे. ऑस्ट्रेलियात लेडबीटर पोसम या दुर्मीळ प्राण्यासाठी मध, अंडं, धान्याचं पीठ असं एक मिश्रण प्राणिसंग्रहालयांत तयार झालं, आणि ग्लायडर पाळणाऱ्यांनी ते उचललं. त्यावर बरेच ग्लायडर चांगले जगतात. पण पावडर ही फळांच्या ढिगावर भुरभुरायची गोष्ट झाली की तिचा उपयोग संपतो. ज्या हाताने पावडर टाकली तोच हात संध्याकाळी आंब्याची फोड देतो. प्राणी अर्थातच फोड घेतो. कॅल्शियम मोजून दिलं आणि साखर लाडाने दिली तर जिंकते साखर. शिवाय डिंक वाटीत ठेवता येतो, पण डिंक काढण्यासाठी खोडाला दात लावायचे, त्या जखमेकडे रात्रभर परत परत यायचं, हे वाटीत ठेवता येत नाही. खाणं हे त्याचं कामही होतं. ते काम काढून घेतल्यावर उरलेल्या वेळात तो काय करणार? चकरा मारतो, नाहीतर स्वतःचे केस उपटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: रानात तो चार-पाच वर्षांत घुबडाच्या पोटात गेला असता, घरात दहा-बारा वर्षं जगतो. आकडा खोटा नाही. चांगल्या हाती दक्षिणी उडती खार आणि ग्लायडर दोन्ही एवढे जगतात. पण आयुष्य लांबलं याचं श्रेय पिंजऱ्याला घुबड नसल्यामुळे मिळतं, खुराकामुळे नव्हे. लांबलेलं आयुष्य लुळ्या पायांनी आणि विरळ अंगाने काढायचं असेल तर वर्षं मोजून काही सिद्ध होत नाही. वर्षांचा हिशेब मांडायचाच तर दुकानापर्यंत पोचण्याआधी वाटेत मेलेल्यांची वर्षंही त्यात धरावी लागतील, आणि ती कुणी मांडत नाही.

तिसरं म्हणणं लाडिक आहे, पण सगळ्यांत जास्त ऐकू येतं: तो मिटक्या मारत खातो, म्हणजे त्याला हवं असणार. आवड ही पोषणाची साक्ष नसते, हे आपल्या पोरांच्या बाबतीत आपल्याला पक्कं माहीत असतं. रानात साखर दुर्मीळ, म्हणून दिसेल तिथे ती खाऊन घ्यावी अशी त्या जिभेची घडण. तिला रोज द्राक्षांचा घड दाखवणं म्हणजे तिच्या शहाणपणाचा गैरफायदा. पोपटाच्या बाबतीत आपण हेच पिढ्यान् पिढ्या केलं आहे. पेठेतल्या वाड्याच्या सज्जात टांगलेला पिंजरा, आत राघू, वाटीत भिजवलेली डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची. मिरची खातो म्हणून कौतुक. त्याला तिखट लागतच नाही, कारण पक्ष्यांच्या तोंडात मिरचीचा जाळ ओळखणारी यंत्रणा आपल्यासारखी काम करत नाही. सूर्यफुलाच्या बिया तर पोत्याने. अशा पोपटांना जीवनसत्त्व 'अ' कमी पडतं, पिसं निस्तेज होतात. आणि एकटेपणाने काही आपली छातीची पिसं उपटून लालभडक करतात. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद झाला, तरी सज्जातला पिंजरा काही लगेच रिकामा झाला नाही. त्या मिठूच्या छातीकडे पाहून 'त्याचं पिसं गळायचं वय झालं' म्हणणारी माणसं आपल्यातलीच. ग्लायडर ही त्याच सवयीची नवी, महागडी आवृत्ती आहे. फरक इतकाच की पोपटाला निदान शेजारच्या अंगणातल्या पोपटांची हाक ऐकू यायची.

म्हणून मला आहाराची आदर्श यादी देऊन हात झटकायचे नाहीत. यादी चांगली असू शकते, तरी माणसाच्या जिभेसाठी शेकडो वर्षं घडवलेल्या बाजारातून ती भरायची असते. बाजारात न मिळणाऱ्या गोष्टींचं, म्हणजे साल, कळ्या, किड्यांसकट उंबर, खोडाला दात लावायचं काम आणि रात्रभर झेपावायला झाडं, यांचं ज्या प्राण्याच्या खाण्यात मोठं वजन आहे, तो प्राणी घरात ठेवायचा नाही, असं साधं म्हणणं मला मांडायचं आहे. कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं घडला, त्याची गोष्ट वेगळी. काही परदेशी प्राण्यांची नोंद करायला लावणारे नियम २०२४ साली आले. नोंद हवीच, पण कागदावर नाव चढल्याने त्याला खायला काय द्यायचं हे कळत नाही. प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, पिंजऱ्याचं माप आहे, नोंदवह्या आहेत. तरी 'फळं खातो, त्रास काही नाही' हे विक्रेत्याचं वाक्य त्या वह्यांच्या पलीकडे तरंगत राहतं. हेच वाक्य प्राणी खपवतं. ज्याला किडे पुरवावे लागतील, डिंक लागेल, जोडीदार लागेल, रात्री दोन वाजता जागं राहावं लागेल, असं सांगितलं तर किती जण पैसे काढतील?

ज्यांच्या घरी तो आधीच आला आहे त्यांनी तो रानात सोडून देऊ नये. आपल्या रानात तो उपरा आहे, मरेल किंवा उपद्रव करेल. त्याच्यासाठी करायचं ते एवढंच: परदेशी प्राण्यांवर हात बसलेला डॉक्टर शोधायचा, खरवडा तपासून घ्यायचा, आणि वाटीतून फळ हळूहळू, काही आठवड्यांत, मागे हटवायचं. एकदम बंद केलं तर तो उपाशी राहतो, लहान अंगाला दोन दिवसांची उपासमारही झेपत नाही. फळाच्या जागी शिजवलेलं अंडं, पाळलेल्या किड्यांच्या अळ्या, थोडा पाला, डॉक्टरांनी मोजून दिलेलं कॅल्शियम, आणि बाभळीचा साधा डिंक. अळ्यांत फॉस्फरस फार, म्हणून त्यांना आदल्या दिवशी कॅल्शियमयुक्त खाणं घालून मगच द्यायच्या असतात. शेंगदाणे आणि सूर्यफूल बंद. पुढच्या वेळी मुळा घेताना पाला ठेवून घ्या, मावशींना बोलायला विषय मिळेल. नवे केस यायला दीड-दोन महिने लागतात. तेवढ्यात आले नाहीत तर कारण वाटीबाहेर आहे असं समजून पुन्हा डॉक्टरांकडे जायचं, आणि काय-काय खायला दिलं ते सांगताना आजोबांनी हळूच दिलेला गुलाबजामचा तुकडाही वगळायचा नाही.